निरोगी गटातला एक्केचाळिसावा

शेवटचं वर्तुळ पुरतं मिटलेलं नव्हतं. वरच्या नऊ शून्यांभोवतीची नऊ वर्तुळं नीट, जिथून निघाली तिथेच येऊन टेकलेली, आणि दहाव्याच्या उजव्या अंगाला मात्र बारीकशी फट — पेन्सिल तिथून निसटून कागदाच्या कडेला गेलेली. राउशानने कागद खिडकीच्या उजेडात धरला, टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. वर्तुळं तिनेच काढलेली, उत्तरं तेवढी तिची नव्हती. दहावा प्रश्न तिने अर्धाच वाचला होता, ‘गिळायच्या विचारानेच मला...’ इथपर्यंत, आणि समोरून आके ‘शून्य’ म्हणून मोकळेही झाले होते. त्या घाईत हात हलला असणार. चौदा दिवसांपूर्वी तिला त्याचं हसू आलं होतं. घरात कामाचा कागद काढला की माणसं अशीच करतात, असं म्हणून तिने तो पिशवीत सरकवला होता.

आज शनिवार, आज चौदावा दिवस.

सासऱ्यांना ती नवऱ्यासारखीच आके म्हणते. कागदावर मात्र ते आके नाहीत. त्यांचं नावही नाही — नाव तर ती एरवीही घेत नाही, कुठलीच सून घेत नाही — कागदावर ते ‘निरोगी गट, क्रमांक एक्केचाळीस’ आहेत. गिळायला त्रास होणाऱ्या माणसांसाठी परदेशात तयार झालेली ही दहा प्रश्नांची प्रश्नावली. शून्य म्हणजे अजिबात नाही, चार म्हणजे फारच. ती कझाख भाषेत आणायला दीड वर्ष गेलं होतं. दोघांनी वेगवेगळा अनुवाद केला, दोघांनी तो उलटा इंग्रजीत नेला, मग सगळे एकत्र बसून भांडले, आणि आता तो कागद खरंच काही मोजतो का, हे बघायचं होतं: साठ आजारी, साठ निरोगी, सगळे पासष्टीच्या पुढचे, आणि प्रत्येकाला चौदा दिवसांनी पुन्हा तेच दहा प्रश्न. आजाऱ्याचा आकडा चढला, निरोग्याचा शून्याजवळ राहिला, आणि दुसरं उत्तर पहिल्यासारखंच आलं, की कागद पास. पण जानेवारीत बाल्खाशच्या सरोवरावरून वारा सुटला की निरोगी म्हातारे घराबाहेर पडत नाहीत. बाजार, मशीद, निवृत्त रेल्वेवाल्यांचा बुद्धिबळाचा अड्डा असं सगळं पालथं घालून तिने चाळीस जमवले, आणि एक्केचाळिसावा घरातच सापडला. चौतीस वर्षं इंजिन चालवलेला, अजून स्वतः अंगणातला बर्फ ओढणारा माणूस. त्याला काय धाड भरलीय, असंच तिला वाटलं होतं.

दवाखान्यातल्या तिच्या खोलीचं दार वाजलं. कुल्पाश आजी आल्या होत्या — आजारी गट, क्रमांक सतरा, दुसरी फेरी. गेल्या शरदात त्यांना पक्षाघात झाला होता. पाय सुधारला, घसा राहिला. क्ष-किरणाच्या पडद्यावर त्यांचा घोट श्वासनलिकेकडे वळताना राउशानने स्वतः पाहिला होता. सून झादिरा त्यांना दंडाला धरून घेऊन आली, खुर्चीत बसवलं, त्यांच्या डोक्यावरची शाल सारखी केली आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली.

“पातळ पदार्थ गिळताना मला जास्त जोर लावावा लागतो,” राउशानने वाचलं. एका सुरात, कुठल्याच शब्दावर न रेंगाळता, समजावून न सांगता, मान न हलवता. नियमच तसा होता.

“शून्य,” आजी म्हणाल्या.

“अहो आई, शून्य काय! काल चहा नाकातून आला ना!”

“तुला विचारलंय का? पोरगी मला विचारतेय.” आजींनी सुनेकडे बघितलंही नाही. “देवाने दिलेलं उतरतंय खाली. आता त्यावर तक्रार करू? माझी आई दुष्काळात गवत उकडून खायची. लिही गं पोरी, शून्य.”

राउशानने शून्याभोवती वर्तुळ काढलं. पुढचा प्रश्न वाचला, पुन्हा शून्य, पुढचा वाचला, आजी जरा घुटमळल्या, “एक लिही, तुझ्यासाठी,” म्हणाल्या. झादिराने छताकडे बघून सुस्कारा टाकला. दहाच्या दहा झाल्यावर ती शाल बांधायला पुढे आली आणि उगाच, बोलायची हौस म्हणून, म्हणाली, “खाणं कमी झालंय त्यांचं, पण जीव काय लावतात मला! आधी धड बोलत नव्हत्या. आता हिवाळा लागल्यापासून ताटातलं मांस उचलतात नि माझ्या तोंडात भरवतात. रोज! नणंद माझी नुसती जळून खाक होते.”

ती हसली. राउशानही हसणार होती. पण आजी हसल्या नव्हत्या. त्यांनी राउशानकडे एकदाच बघितलं, चोरी पकडली गेल्यावर माणूस बघतो तसं, आणि नजर मांडीवरच्या हातांकडे वळवली.

दोघी गेल्या. कॉरिडॉरमध्ये झादिराचे बूट लांबवर वाजत राहिले. राउशान उठली, खिडकीपाशी गेली, परत बसली, पेन्सिलीला टोक काढायला घेतलं आणि टोक आधीच होतं हे तिच्या लक्षात आलं. हिवाळा लागल्यापासून... ऑक्टोबर म्हणजे हिवाळा लागलेलाच की. ऑक्टोबरात नवऱ्याच्या, दौलेतच्या, चुलतभावाचं लग्न होतं, तीनशे माणसं, वडीलधाऱ्यांच्या टेबलावर ती चहा देत होती, आणि आकेंनी मान वळवून म्हटलं होतं, “सूनबाई, इकडे ये.” तिला वाटलं, चहा थंड झाला. ती वाकली तर त्यांच्या चिमटीत घास होता, आणि तो हात तिच्या तोंडासमोर होता.

अकरा वर्षांत पहिल्यांदा. अकरा वर्षं ती त्या घरात होती आणि आकेंना काही हवं असलं तर ते भिंतीला सांगायचे, “चहा मिळेल का कुठे?” सासूबाई होत्या तोवर त्या भिंतीचं काम करायच्या; त्या गेल्यावर बोता, राउशानची सहा वर्षांची मुलगी, ते करू लागली. कारण सगळ्यांना माहीत होतं. दौलेतसाठी आकेंनी तोक्तार आगांची मुलगी ठरवून ठेवली होती — तोक्तार, त्यांचा इंजिनावरचा सहायक, वीस वर्षं एका केबिनमध्ये शेजारी उभा राहिलेला माणूस — आणि दौलेतने ही आणली, रशियन शाळेत शिकलेली, कझाख बोलताना अडखळणारी, कणीक लाटली की कडेला चिरणारी. शब्द मोडला होता, तो हिच्यापायी. आणि मग तो घास. सगळ्या नातेवाइकांदेखत. त्यानंतर प्रत्येक जेवणात, पाहुणे असोत नसोत... सूनबाई, इकडे ये. ती गुडघ्यांवर बसायची, तोंड उघडायची, आणि उठताना तिला आपण उंच झालोय असं वाटायचं. फोनवर तिने बहिणीला सांगितलं होतं, अगं, आके मला हाताने भरवतात! बहीण रडली होती. ती स्वतःही रडली होती.

आणि ते मांस होतं, जे त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

नाही. एका आजीवरून दुसऱ्याचं काय ठरवायचं! वडीलधारे भरवतातच, सगळ्या कझाख घरांत भरवतात, त्यात काय आजार आला? ती स्वतःला दटावत होती आणि दुसरीकडे मोजत होती. पट्टा — नोव्हेंबरात त्यांनी दौलेतकडून पट्ट्याला नवं भोक पाडून घेतलं, चामडं सैल पडलंय म्हणाले. आमंत्रणं — या हिवाळ्यात तीन घरची नाकारली, वारा सोसत नाही म्हणाले. खोकला — तो तर जुनाच, सिगारेटचा. जेवणाच्या मध्येच उठून बाहेर जाणं, धूर काढून येतो म्हणत. आणि चहा! प्याल्याच्या तळाशी दोन घोट ओतायचे, संपले की पुन्हा दोन, असा सासऱ्याचा मान. भरलेला प्याला पुढे करणं म्हणजे प्या आणि उठा म्हणण्यासारखं. म्हणजे रोज रुग्णांना ती जे शिकवते, एका वेळी एवढुसाच घोट, तेच ती घरी आदर म्हणून करत आली होती, आणि त्या आदराआड त्यांना भरला प्याला पिता येतो की नाही हे कधी दिसलंच नव्हतं. दिसणार कसं? सून समोवारपाशी बसते, खाली बघते. दिवसाला आठ परक्या माणसांचे गळे ती बोटं लावून तपासते. आकेंच्या गळ्याकडे तिने अकरा वर्षांत एकदाही बघितलं नव्हतं.

बातिमा बाई, या सगळ्या कामाच्या प्रमुख, दारातून डोकावल्या. हातात कोट होता, म्हणजे निघाल्या होत्या.

“एक्केचाळीसचा दुसरा कागद सोमवारी दे गं. घरचाच आहे ना? बरं आहे, निदान तो तरी पळून जाणार नाही.”

“बाई,” राउशान म्हणाली, “निरोगी गटातला माणूस निरोगी आहे, हे आपण कशावरून ठरवलं?”

“विचारून. गिळायला त्रास आहे का? नाही. झालं.”

“आणि खोटं बोलला असला तर?”

“आपले म्हातारे खोटं बोलत नाहीत, तक्रार करत नाहीत. ते वेगळं. त्याला या कागदात रकाना नाही, काय करणार?” बाईंनी कोटात एक हात घातला आणि थांबल्या. “कुणाबद्दल शंका आहे का तुला? असली तर सरळ गटातून काढ आणि तपासणीला आण. पण शंका असायला हवी, राउशान. नुसती भुणभुण नको.”

“नाही,” ती म्हणाली. “भुणभुणच आहे.”

मिनीबसमध्ये तिला बसायला जागा मिळाली आणि दोन थांबे गेल्यावर ती उठून उभी राहिली, बसवेना. खिडकीवरच्या बर्फात कुणीतरी नखाने घर कोरलं होतं. आधी मांस अडतं, ती विचार करत होती, मग भाकरी, मग भिजवलेली भाकरी, मग पाणी — या क्रमाने एक आजार येतो, त्याचं नाव तिला माहीत आहे, ते नाव ती इतरांच्या केसपेपरवर रोज वाचते, आणि आता मनातसुद्धा त्या नावापर्यंत जाऊन ती मागे फिरत होती. आणि याहून वाईट हे, की तिला त्या आजाराची जितकी भीती वाटत होती तितकीच दुसऱ्याही गोष्टीची वाटत होती. भुणभुण खोटी ठरावी असं तिला वाटत होतं ते आके वाचावेत म्हणून की घास खरा राहावा म्हणून? लाज वाटली पाहिजे तुला. म्हातारा माणूस उपाशी असेल आणि तुला तुझ्या मानाची पडलीय! ती लाजली, खरंच लाजली, आणि तरीही आठवत राहिली की त्या घासांत असायचं काय, मऊ असायचं की चिवट — म्हणजे कळेल, टाकायचंच तेवढं देत होते की... पण चव आठवेना. आठवत होते ते बघणाऱ्यांचे चेहरे.

घरात शिरताच वाफेचा वास आला. आज चार वाजता तोक्तार आगा आणि त्यांची बायको येणार होती. हिवाळ्यासाठी घोडा कापला की पहिल्या मांसाला वडीलधाऱ्यांना बोलवायचं, हे चुकत नाही. दौलेतने सकाळपासून पातेलं चढवलं होतं. “पीठ मळून ठेवलंय, तू फक्त लाट,” तो म्हणाला, आणि तिचा चेहरा बघून, “काय झालं?” तिने काही नाही म्हटलं आणि मागच्या शेडमधून कांदे आणायला गेली.

शेडच्या कडेला, कुंपणापाशी, आके सिगारेट ओढायला उभे राहतात ती जागा. बर्फ तिथे पावलांनी दाबून घट्ट झालेला. चार मॅगपाय पक्षी तिथे उतरले होते, तिला बघून उडाले, कुंपणावर बसले, जाईनात. राउशान कांदे घेऊन निघाली, पुढे गेली, परत आली. तिने खाली वाकून बघितलं. सिगारेटचं एकही थोटूक नव्हतं. राखेचा डागही नव्हता. बर्फावर चघळलेल्या मांसाचे धागे होते, गोठून कडक झालेले, चोचींनी ओढून पसरलेले — कालचे, परवाचे. पक्ष्यांना ही जागा पाठ झाली होती.

कांद्याची जाळी बोटांत रुतली तेव्हा ती आत गेली.

आता ही भुणभुण नव्हती. आता पिशवीतला कागद काढायचाच नव्हता, आकेंसमोर बसून म्हणायचं होतं, आके, मी पाहिलं, सोमवारी माझ्याबरोबर चला. एवढी दोन वाक्यं. तिने हात धुतले, पुसले, पुन्हा धुतले, आणि पिशवीतून कागद काढला.

आके खिडकीपाशी बाकावर बसले होते, चष्मा कपाळावर, गुडघ्यावर बोताची मोजे घातलेली पावलं. बोता त्यांना टेकून चित्रांचं पुस्तक बघत होती. राउशान समोर बसली, नेहमीसारखी जराशी तिरकी.

“परवाच तर झालं हे,” आके म्हणाले.

“चौदा दिवस झाले, आके. दुसऱ्यांदा विचारायचं असतं.”

“चौदा दिवसांत घसा बदलतो का? आम्ही सिग्नल एकदाच बघायचो. दोनदा बघत बसलो असतो तर गाडी अजून मोयिंतीलाच उभी असती.”

“नियम आहे.”

“मग वाच बाई. नियमापुढे आपण कोण?”

ती वाचू लागली. पहिला प्रश्न वजन कमी होण्याचा होता. “शून्य,” आके म्हणाले, आणि सदऱ्याखाली पट्ट्यावर त्यांचा हात गेला, बहुधा त्यांच्याही नकळत. कोरडे पदार्थ गिळण्याचा, शून्य. गोळ्या गिळण्याचा, शून्य. गिळताना दुखण्याचा, शून्य. “गिळण्याच्या त्रासामुळे खाण्यातला आनंद कमी झाला आहे,” तिने वाचलं, आणि आके हसले.

“हा कुणी काढला?”

“परदेशात, आके.”

“त्यांना जेवण धड मिळत नसेल. पुढ्यात आलेल्या अन्नाला कुणी असं बोलतं का? शून्य लिही.”

“गिळण्याच्या त्रासामुळे मी बाहेर जेवायला जाणं टाळतो,” तिने वाचलं. इथे आके थांबले. बोताने पुस्तकाचं पान उलटलं. राउशानने नियम मोडला आणि वाट बघितली. पेन्सिल कागदावर टेकवली नाही, प्रश्न दुसऱ्यांदा वाचला, या वेळी हळू, इतकं हळू की दुसऱ्या कुणी असं वाचलं असतं तर तिने तो कागद बाद केला असता. बोला ना, आके. बोला. मला विचारता येत नाही, तुम्ही सांगा.

“वारा फार असतो यंदा,” आके खिडकीकडे बघत म्हणाले. मग घसा खाकरून, “शून्य.”

आणि तिने लिहिलं. बर्फावरचं मांस डोळ्यांनी बघून आलेल्या बाईने शून्याभोवती वर्तुळ काढलं, आणि त्याखालच्या चारही शून्यांभोवती, दहा झाली, या वेळी सगळी पुरती मिटलेली. दोन्ही कागद आता तंतोतंत सारखे होते. सोमवारी बातिमा बाई खूश होतील. तिला स्वतःचा असा राग आला की कणीक लाटताना लाटणं दोनदा हातातून सुटलं.

तोक्तार आगा चारला पाच कमी असताना आले, गाड्यांच्या वेळा पाळणाऱ्याला दुसरं जमत नाही. मागून बिबिश काकू, हातात मिठाईची पिशवी. “वास गल्लीच्या टोकापर्यंत येतोय!” आगा ओरडले. “म्हाताऱ्या, घोडा कापलास की अख्खा कळप?”

“तुझ्यासाठी कळपच लागतो,” आके म्हणाले. “इंजिनात कोळसा घालायचं सोडलंस, पण सवय गेली नाही.”

मोठं ताट मधे आलं — खाली रश्शात उकडलेल्या कणकेच्या रुंद पात्या, वर मांस, सॉसेजच्या चकत्या, कांद्याचा रस्सा. दौलेतने सुरीने मांस बारीक केलं. राउशान समोवारपाशी बसली, आणि त्या दिवशी, अकरा वर्षांत पहिल्यांदा, तिने नजर वर उचलली आणि खाली घेतली नाही.

आके खात होते. म्हणजे त्यांचा हात ताटात जात होता, बोटं हलत होती, गप्पा चालल्या होत्या, आणि कुणीही शपथेवर सांगितलं असतं की ते खातायत. बोटं काळपट मांसाचे तुकडे गोळा करत होती आणि दौलेतच्या बाजूला सारत होती, बोताच्या तोंडात एक देत होती, आगांपुढे ढकलत होती, “घे, तुला दात आहेत अजून.” एकदाच त्यांनी एक बारीक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला. चावला, खूप वेळ चावला. गळ्याची घाटी वर गेली, तिथेच थांबली, खाली आली, पुन्हा वर गेली. त्यांनी रश्शाचा वाडगा तोंडाला लावला, हनुवटी खाली घेतली, डोळे मिटले. बिबिश काकू म्हणाल्या, “बघा, घासाघासाला देवाचं नाव.” आकेंनी डोळे उघडले, त्यांत पाणी होतं, आणि ते हसले. मग त्यांनी मांसाला हात लावला नाही. ताटाच्या त्यांच्या बाजूला कणकेच्या दोनतीन पात्या होत्या आणि मानेच्या आयाळीखालची पांढरी चरबी, बोटाने दाबली की विरणारी. त्यातलं थोडं थोडं ते घेत होते, आणि ते मात्र जात होतं, सावकाश, पण जात होतं. राउशान मोजत होती. एक. दोन. तिसऱ्याला वेळ लागला. एवढंच या माणसाचं जेवण होतं.

आगा इंजिनाची गोष्ट सांगत होते, बर्फात अडकून पडल्याची, सगळ्यांना पाठ असलेली. तेवढ्यात आकेंनी मान वळवली.

“सूनबाई, इकडे ये.”

ती उठली. दिवसभर तिने या क्षणाचा धसका घेतला होता. ती गुडघ्यांवर बसली आणि चेहऱ्याकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघत राहिली, कारण हात खोटं बोलणार नाही. हात ताटात गेला. काळ्या मांसाचा ढीग तिथेच होता, अर्ध्या वितीवर, उचलून देऊन टाकायला सगळ्यांत सोपा. बोटं त्याच्यावरून पुढे गेली. त्यांनी पांढऱ्या चरबीचा उरलेला तुकडा उचलला, उरलेल्या एकुलत्या एका पातीत गुंडाळला, कांद्याच्या रश्शात बुडवला, निथळू दिला.

“उघड,” आके म्हणाले.

तिने तोंड उघडलं. या वेळी तिने बघणाऱ्यांकडे बघितलं नाही. घास गरम होता, मिठाचा, मिऱ्यांचा, चावायची गरजच पडली नाही, जिभेवर ठेवला तसा तो विरघळत गेला.

“बघ बघ!” तोक्तार आगा मांडीवर थाप मारून म्हणाले. “माझ्या पोरीला भरवला असतास का रे असा? की तिला हाडं दिली असतीस?”

“तुझ्या पोरीला तिचा सासरा भरवेल,” आके म्हणाले. “ही माझी आहे.”

सगळे हसले, दौलेत सगळ्यांत मोठ्याने. राउशानने घास गिळला. तो इतका सहज खाली गेला की तिला स्वतःच्या धडधाकट गळ्याची लाज वाटली. समोर ताटाच्या त्या बाजूला आता फक्त काळं मांस उरलं होतं, आणि आकेंनी रुमालाला बोटं पुसायला घेतली होती, पोट भरलेल्या माणसासारखी. मग तुम्ही काय खाणार, आके? मग तुम्ही इतके महिने काय खाल्लंत?

सकाळपासून जे कळावं म्हणून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता ते तिला कळलं होतं, आणि तिला हवं तसंच निघालं होतं. त्याचा आनंद कुठेच नव्हता. टाकलेले तुकडे असते तर ती रागावली असती, आणि रागाच्या भरात काय वाटेल ते विचारता आलं असतं, फरफटत तपासणीला नेता आलं असतं. आता राग धरायलाही काही उरलं नव्हतं. तिने उठून समोवारपाशी जायला हवं होतं, सून अशी समोर बसून राहत नाही, बिबिश काकूंनी तिच्याकडे एकदा बघितलंही. ती उठली नाही. ती आकेंच्या डोळ्यांत बघत होती, सरळ, आणि त्यांचं हसू हळूहळू विझलं, पण त्यांनी नजर हलवली नाही. पाहुणे उठायला अजून तास होता. तोवर बसायचं, मग विचारायचं, कागदाशिवाय. दुपारी ते खोटं बोलतील या भीतीने तिने कागद पुढे धरला होता. आता ते खरं सांगतील याची तिला खात्री वाटत होती, सगळं सांगतील, तिलाच सांगतील, आणि आता भीती त्याचीच होती.